बाजारपेठेचा रस्ता नव्याने होतोय, आधी उंबरे मोजायला हवेत

गडगा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात आमचं चार पिढ्यांचं दुकान आहे. गाव म्हणायची सवय आहे, कागदोपत्री नगरपरिषद. एसटी स्टँडपासून बंदरापर्यंतची पेठ साधारण सहाशे मीटर लांब, कुठे आठ मीटर रुंद तर कुठे जेमतेम सहा. दोन्ही बाजूंना चिऱ्याची जुनी घरं, खाली दुकान, वर माडी, पुढे पडवी. हा रस्ता आता मुळापासून नव्याने करायचं ठरलंय. प्राथमिक आराखडा नगरपरिषदेत लावलाय: काँक्रीट, दोन्ही बाजूंना झाकलेली गटारं, पेव्हर ब्लॉकचा पदपथ, नवे दिवे. निविदा अजून निघालेली नाही. लोकांनी सूचना द्याव्यात असं सांगितलंय, आणि सांगणारे अभियंता मनापासून सांगत होते असं मला वाटलं.

परवा सभागृहात बैठक झाली. दिवे कसे असावेत, बाकडी कुठे ठेवावीत, कमान बांधायची का, यावर दीड तास गेला. रस्त्याची उंची किती असणार, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही विचारलं. घरी येऊन ओट्यावर बसलो तेव्हा ते डोक्यात आलं.

आजोबांच्या वेळचा दुकानाचा एक फोटो आहे. त्यात ओट्याला तीन पायऱ्या आहेत. मी शाळेत जायचो तेव्हा दोन होत्या. आज एकही नाही. आमचा उंबरा रस्त्याच्या पातळीला आलाय आणि शेजारचा तर रस्त्याच्या चार बोटं खाली आहे. घरं खचलेली नाहीत. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं कार्पेट पडलं, आधीचं कधी कुणी खरवडलं नाही. दर वेळी चार-पाच सेंटीमीटर. एका माणसाच्या आयुष्यात तीन पायऱ्या गाडल्या गेल्या आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दर वेळी सगळे नवा रस्ता झाला म्हणून खूशच होते.

आता जुलैत पाऊस लागून राहिला की आम्ही दाराला फळी लावतो, फटीत गोणपाट कोंबतो आणि रात्री दोनला उठून तांदळाची पोती फळकुटांवर चढवतो.

माझं म्हणणं एवढंच: लोकांचं मत घ्यायचं असेल तर ते अंदाजपत्रक होण्याआधी घ्यावं, आणि पहिला प्रश्न उंबऱ्याचा असावा. पेठेतल्या प्रत्येक घराचा उंबरा मोजून तो आराखड्यावर आला पाहिजे. इथे कुणी अशा कामातून गेलं असेल तर सांगा, नेमकं काय मागायचं?

डंपी लेव्हल

नोकरीची तीस वर्षं रस्त्यांवर काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि काँक्रीटमुळे तो जास्त गंभीर होतो. डांबर चुकलं तर मशीनने खरवडून पुन्हा करता येतं. काँक्रीट रस्त्याचं आयुष्यच ३० वर्षं धरून डिझाइन करतात. पातळी चुकली तर तुमच्या नातवंडांपर्यंत ती चूक राहील.

दोन पद्धती आहेत. एक, आहे त्या डांबरावरच काँक्रीट ओतायचं. स्वस्त पडतं, लवकर होतं, आणि रस्ता आणखी वीस सेंटीमीटर वर जातो. दुसरी, खोदून जुने सगळे थर काढायचे आणि खालून सुरुवात करायची. स्लॅब २० सेंटीमीटर धरला, त्याखाली कोरड्या काँक्रीटचा थर १० ते १५, त्याखाली खडी-मुरूम, तर जवळपास अर्धा मीटर खोदावं लागतं. प्राथमिक आराखड्यात नुसतं 'काँक्रीट रस्ता' लिहिलं असेल तर यातलं कोणतं, ते आजच विचारा.

मागायचे दोन कागद म्हणजे लांबीचा छेद आणि आडवा छेद, ज्याला ऑफिसात एल-सेक्शन आणि क्रॉस-सेक्शन म्हणतात. त्यात सध्याची पातळी आणि तयार रस्त्याची पातळी असे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. त्या शेजारी तिसरा रकाना उंबऱ्याचा मागा.

आता हिशेब बघा. उंबरा शून्य धरू. पदपथ त्याच्या खाली हवा, निदान दहा सेंटीमीटर, नाहीतर पदपथावरचं पाणी दुकानात. रस्ता पदपथाच्या खाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पदपथांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, कडेची उंची जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर सांगितली आहे. म्हणजे रस्त्याची कड उंब‌ऱ्याच्या पाव मीटर खाली. मधला भाग कडेपेक्षा उंच असतो, मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. हे सगळं जमवायचं तर गडगा यांच्या दारात आजचा रस्ता बराच खाली न्यावा लागेल, आणि रस्ता खाली गेला की गटारही खाली जाणार.

इथेच खरी अडचण आहे. गटाराचं तोंड बंदरात उघडतं. तिथली पातळी समुद्र ठरवतो, नगरपरिषद नाही. उधाणाच्या भरतीला तोंड बुडत असेल तर गटार जितकं खाली न्याल तितका पाण्याला फुगवटा येणार. त्यामुळे पेठेच्या खालच्या अंगाला 'अर्धा मीटर खोदा' म्हणून भागणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीची रेघ प्रत्यक्ष पाहून मगच तिथला आकडा ठरवायला हवा.

गडगा

याचीच गरज होती. भरतीचा विचार मी केलाच नव्हता. मच्छीमार्केटच्या खाली उधाणाला गटार उलटं वाहतं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण ते कुठे लिहून द्यायचं असतं हे माहीत नव्हतं.

आगोट

मी पण पेठकरी, दुसऱ्या गावचा. माझा अनुभव चांगला नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

आमच्याकडे काम एप्रिलच्या मध्यावर सुरू झालं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, खरेदी ऐन भरात असते तेव्हा. मिरच्या, मसाले, सुकी मासळी, छत्र्या, ताडपत्र्या, सगळा धंदा त्या दीड महिन्यातला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा एक बाजू उखडलेली, दुसऱ्या बाजूला मातीचे ढीग. गणपतीला चाकरमानी आले ते पेठेत फिरकलेच नाहीत, बाहेरच्या हायवेवरून खरेदी करून गेले. काही गिऱ्हाइकं कायमची तुटली.

त्यामुळे पातळीइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं आहे. दिवाळी झाली की सुरुवात, शिमग्याआधी वाहतूक चालू. एका वेळी शंभर-दीडशे मीटरचाच तुकडा उखडायचा, तो पुरा झाल्याशिवाय पुढचा नाही. हे निविदेतच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

आणि पदपथाला माझा विरोध आहे. आठ मीटरच्या पेठेत दोन्ही बाजूंना पदपथ केलात तर टेम्पो उभा कुठे राहणार? माल उतरवायचा कुठून? गिऱ्हाईक दुचाकी लावून दोन मिनिटांत सामान घेऊन जातं, त्याला जागाच राहणार नाही.

पर्वतीखाली

मूळचा कोकणातला, सध्या पुण्यात. पुण्यात २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं झाली आणि त्यानुसार जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले. लोक तिथे खरोखर चालतात, लहान मुलं खेळतात, म्हातारी माणसं बसतात. पण तो रस्ता प्रशस्त आहे, पेठेला तो नमुना जसाच्या तसा लावू नये. आपल्या पेठा मुळातच चालण्यासाठी होत्या.

पुण्यातली दुसरी एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, आणि ती अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी सुचवायची असतात. गडगा म्हणतात तो क्रम हाच.

आगोट यांच्या शंकेवर एक सुचवतो. बांधण्याआधी आठवडाभर चुन्याच्या रेघा मारून पाहा. पदपथाची रेघ, टेम्पोची जागा, रिक्षांचा थांबा. कडेला चार पिंपं ठेवा. टेम्पो वळतो का, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर काय होतं, हे आठवड्यात कळतं आणि खर्च चुन्याचा.

आगोट

रेघा मारून बघायला माझी हरकत नाही. पण आठवडा बाजाराचा धरा, मधला नको.

व्हाळ

आमच्या हय गटार बरा बांदल्यानी, वरसून झाकणा पण घातल्यानी. पण पाणी जाता तो व्हाळ कोणी साफ करूक नाय. पयल्याच पावसात झाकणा उचलून पाणी भायर. रस्तो करतल्यांका पयलो प्रश्न ह्योच इचारा, पाणी खय जातला? आणि पावसात एकदा छत्री घेवन त्येंका पेठेत फिरवा. कागदार दिसणा नाय ता डोळ्यांका दिसता. माझ्या आयेक सगळा ठावक आसा, खयच्या घराखालसून जुनी मोरी जाता ता. तिका कोणी इचारूक येवक नाय.

पाटीवाली

माझी आजी आणि आई दोघींनी अशाच एका पेठेच्या टोकाला बसून मासळी विकली. आईची जागा अजून तिथेच आहे, नारळाच्या झाडाच्या सावलीत. वर सगळ्यांनी रस्ता, दुकान, गाडी यावर लिहिलंय. रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्या बायका कुठल्याच प्रतिसादात नाहीत, म्हणून लिहिते.

बैठक किती वाजता होती? आमच्याकडे अशी बैठक सकाळी अकराला ठेवली होती. त्या वेळी आई पाटीसमोर असते. मासळी सोडून गेली तर दुपारपर्यंत ती कुणी घेत नाही. संध्याकाळी बोटी लागतात तेव्हा लिलाव असतो. एकही बाई बैठकीला जाऊ शकली नाही आणि इतिवृत्तात 'मासळी विक्रेत्यांची हरकत नाही' असं आलं. मग काम झालं, छान पदपथ झाला, आणि त्यावर बसायचं नाही असं सांगण्यात आलं. वर्षभर भांडून जागा परत मिळाली.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्याप्रमाणे शहरात विक्रेता समिती हवी, तिच्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. गडगा, तुमच्या नगरपरिषदेत ही समिती आहे का ते विचारा. असेल तर आराखडा तिच्यासमोर जायला हवा.

आणि आराखड्यात काय हवं ते सांगते. बसायला जमिनीपासून हातभर उंच ओटा, म्हणजे गुडघे धरत नाहीत. पाण्याचा नळ. ओट्यापासून गटाराकडे उतार, कारण बर्फाचं पाणी दिवसभर गळत असतं आणि ते खारट असतं. गुळगुळीत फरशी अजिबात नको, ओल्या फरशीवर आमच्या दोन बायका पडून हात मोडून बसल्या. सावली हवी. हे काही मोठ्या खर्चाचं नाही, पण विचारल्याशिवाय कुणाच्या नकाशात येत नाही.

डंपी लेव्हल

पाटीवाली ताई, खारट पाण्याचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही मोलाचा आहे. गटाराच्या झाकणांत लोखंड असतं. मिठाचं पाणी आत मुरलं की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फुटतं. बंदराकडच्या भागात झाकणाच्या सळईवर काँक्रीटचं आवरण जाड हवं, आणि मासळीच्या ओट्यांचं पाणी थेट चेंबरमध्ये जायला हवं, झाकणांवरून नको. माझ्या यादीत हे नव्हतं.

ढोलकरी

शिमग्याला आमच्या ग्रामदेवतेची पालखी पेठेतून जाते, घरोघरी थांबते, चौकात नाचते. होळीचा माड खांद्यावरून येतो तोही याच रस्त्याने, आणि तो वळवायला कोपऱ्यावर मोकळी जागा लागते. त्या कोपऱ्यावर शोभेचा खांब किंवा कारंजं नको. लोंबत्या तारांना पालखीचा कळस लागू नये म्हणून दर वर्षी दोन पोरं बांबू घेऊन पुढे चालतात. वीजवाहिन्या जमिनीखाली गेल्या तर आमच्यावर उपकार होतील. अलिबागेत चक्रीवादळाच्या धोक्यासाठीच्या प्रकल्पातून त्या जमिनीखाली घेतल्यात, मग आपल्याकडे का नाही?

आणखी एक. आम्ही अनवाणी असतो. मार्चच्या दुपारी गडद रंगाचे पेव्हर पाय भाजतात.

डंपी लेव्हल

वाहिन्यांचं काम रस्त्याच्या आधी झालं पाहिजे. पाण्याची लाइन, वीज, टेलिफोन-इंटरनेट या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून घ्या. आणि काँक्रीट टाकण्याआधी दर पन्नास-साठ मीटरवर रस्त्याला आडवे दोन रिकामे पाइप टाकून ठेवायला सांगा. उद्या कुणाला नवीन जोडणी हवी झाली तर रस्ता कापावा लागणार नाही. नव्या काँक्रीटचं सगळ्यात मोठं नुकसान अवजड ट्रकने होत नाही, आपल्याच लोकांनी सहा महिन्यांत मारलेल्या चरीने होतं.

काम चालू असताना लक्ष ठेवायच्या गोष्टी: स्लॅबला साधारण साडेचार मीटरवर सांधे कापावे लागतात, तेही पहिल्या दिवसाच्या आत, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडकतं. पाणी मारणं दोन आठवडे तरी थांबता कामा नये. पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात, तोवर टेम्पो नको. नमुन्याचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासतात, त्याचा अहवाल मागा. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. फार कमी लोक तो वापरतात.

वाशिष्ठी

चिपळूणची आहे. २२ जुलै २०२१ चा पूर आणि पेठेत तुंबणारं पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत, पण एक शिकलो ते सांगते. पाणी ओसरल्यावर भिंतींवर रेघ राहिली होती ती बऱ्याच जणांनी रंग देताना पुसली. ती रेघ हाच पुरावा होता. तुमच्या पेठेत पाणी जिथवर येतं तिथे दर पावसात खूण करा, तारीख लिहा. नंतर कुणी 'इथे पाणी येत नाही' म्हणालं की बोट दाखवता येतं.

माझे वडील वॉकर घेऊन चालतात. पदपथाला दर दाराशी चढ-उतार केले तर त्यांना तो निरुपयोगी आहे, ते रस्त्यानेच जातील. सलग आणि सपाट असा निदान १.८ मीटर हवा. तेवढा दोन्ही बाजूंना बसत नसेल तर एकाच बाजूला करा, पण नीट करा.

गडगा

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत येतोय, बरंच घडलं.

पाटीवाली ताईंचं वाचून आधी वेळ बदलली. रविवारी सकाळी साडेसहाला पिंपळाच्या पारापासून चालायला सुरुवात केली, बाजार भरायच्या आत. पंधरा माणसं येतील वाटलं होतं, चाळीसेक आली. मासळीवाल्या सहा जणी होत्या. अभियंता स्वतः लेव्हल मशीन आणि माणूस घेऊन आले, हे मला विशेष वाटलं. आपल्या एवढ्या शहराला प्रभाग समिती सक्तीची नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीत ती ३ लाखांवरच्या लोकवस्तीसाठी आहे. त्यामुळे त्यांना यायचं बंधन काहीच नव्हतं.

एकेका घराचा उंबरा मोजला, खडूने दारावर आकडा लिहिला. वरच्या अंगाला बहुतेक उंबरे रस्त्यापेक्षा दहा ते वीस सेंटीमीटर वर निघाले. मधल्या टप्प्यात अकरा घरं रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली. सगळ्यात खालचं घर शिंप्याचं, सतरा सेंटीमीटर. ते इतकी वर्षं बोलले नाहीत, कारण त्यांना वाटायचं आपलंच घर खचलंय.

व्हाळ यांच्या आईसारखी आमच्याकडेही एक आजी निघाली. तिने काठीने दाखवलं की सोनाराच्या दुकानाखालून चिऱ्यात बांधलेली जुनी मोरी जाते आणि मागच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळते. नगरपरिषदेच्या कुठल्याच नकाशावर ती नव्हती. तिथला दगड हलवला तेव्हा आत हात जाईल एवढीच जागा उरली होती, बाकी गाळ. ती मोकळी करून वरच्या भागाचं पाणी पऱ्याकडे वळवलं तर बंदराकडच्या गटारावरचा भार बराच कमी होईल, असं अभियंता म्हणाले. म्हणजे खालचं गटार फार खोल न्यावं लागणार नाही. डंपी लेव्हल काका, तुम्ही मांडलेल्या अडचणीला वाट अशी निघाली.

मान्य झालेलं: वरचा आणि मधला टप्पा खोदूनच करायचा, डांबरावर काँक्रीट नाही. छेदाच्या नकाशात उंबऱ्याचा रकाना येणार. मच्छीमार्केटच्या खाली पदपथ वेगळा न उचलता सगळं एका पातळीत, आणि गटाराच्या तोंडाला भरती आत येऊ न देणारी झडप. मासळीचे ओटे आराखड्यात आले, नळासकट. पाराभोवती एक मीटर माती मोकळी राहील. काम दिवाळीनंतर, तुकड्यातुकड्याने.

न झालेलं: वीजवाहिन्यांसाठी या निधीत पैसे नाहीत, आडवे पाइप मात्र टाकणार. दोन्ही बाजूंना पदपथ बसत नाही हे चुन्याच्या रेघांनी दाखवलं. आगोट, तुमचं खरं ठरलं, पण पूर्ण नाही. एका बाजूला १.८ मीटरचा होतोय आणि माल उतरवायला सकाळी नऊपर्यंतची वेळ ठरतेय. दोन दुकानदार अजून नाराज आहेत, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. विक्रेता समिती अस्तित्वात नाही. ती नेमण्यासाठी अर्ज दिलाय.

शिंप्याच्या घराचं काय करायचं ते सुटलेलं नाही. रस्ता खोदूनही त्यांचा उंबरा पदपथाच्या बरोबरीलाच येतो. ओटा उचलायचा तर दाराची चौकट कापावी लागेल, चौकट सागाची आहे आणि त्यांच्या आजोबांनी बसवलेली. काका, दारासमोर पदपथातच जाळीचं आडवं गटार घेतलं तर चालेल का?

डंपी लेव्हल

चालेल. दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे हात-हात जास्त घ्या, आणि जाळी उचलता येईल अशी ठेवा, वेल्डिंग करून टाकू देऊ नका. आत पाला अडकतो, तो काढायला शिंप्यांचा हात पोचला पाहिजे. माप पाठवा, मी रेखाटन करून देतो.